आयुधपूजेला थांबवलेला शेकर

बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या कुठल्याही जुन्या मराठा घरात जा आणि पाच मिनिटं बसा. कॉफी यायच्या आत एक सरदार येतोच. शहाजीराजांबरोबर आलेला, पाचशे घोड्यांचा धनी, वगैरे वगैरे. सगळेच सरदार! मग घोड्यांना खरारा कोण करत होतं, हे विचारायची सोय नाही. रघुजी घाटग्यांचं घर तेवढं वेगळं. त्यांचे आजोबा लग्नाच्या पंगतीत ठणकावून सांगायचे, "आम्ही पागेवरचे. घोडा धुवायचा, चारा घालायचा, आजारी पडला तर त्याच्या शेजारी बसायचं." पंगतीतले सरदार मग आपापल्या पानातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागायचे.

घोडे कधीच गेले, पण सांभाळायची खोड काही घाटग्यांच्या रक्तातून गेली नाही. रघुजी पेशी सांभाळायचे. जिवंत पेशी, उंदराच्या रक्तातल्या.

चौऱ्याहत्तर साली ते मारतहळ्ळीच्या वाटेवरल्या एका संशोधन केंद्रात बाटल्या धुवायला लागले. तेव्हा तिकडे नाचणीची शेतं होती आणि केंद्राच्या फाटकात म्हशी ठाण मांडून बसायच्या. मार्केटहून बस धरायची, उतरून मैलभर चालायचं. याने धुतलेल्या बाटलीत बुरशी धरत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि बाटली धुणाऱ्याला बाटलीच्या आतलं काम मिळालं. काचेच्या चंबूत गुलाबी पाणी, त्या पाण्यात डोळ्याला न दिसणाऱ्या लाखो पेशी. दर दोन दिवसांनी पाणी बदला, ऊब राखा, गर्दी झाली की अर्ध्या दुसऱ्या चंबूत हलवा. एवढंच काम, पण परदेशातून पदव्या घेऊन आलेल्यांच्या हातात या पेशी आठवड्यात माना टाकायच्या आणि रघुजींच्या हातात वर्षानुवर्षं नांदायच्या. ते त्यांच्याशी बोलायचेसुद्धा. चंबू उचलताना म्हणायचे, "स्वल्प थांबा, पाणी बदलतो." कुणी हसलं तर म्हणायचे, "तुमच्या का मरतात मग?"

केंद्राचे संचालक डॉक्टर जयतीर्थ. माणूस हुशार, यात वाद नाही. वाद घालायची कुणाची छातीच नव्हती. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, तो म्हणजे 'माझं'. माझी लॅब, माझ्या पेशी, माझा विषाणू. उंदराला रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू जगभर पन्नास लॅबमध्ये होता, पण जयतीर्थांनी त्याच्या चार जाती वेगळ्या काढून त्यांना नावं दिली: ज-१, ज-२, ज-३, ज-४. 'ज' कशाचा, हे विचारायची गरज नव्हती. पाहुण्यांशी ते इंग्रजीत बोलत, हाताखालच्यांना कानडीत झापत, आणि मराठी, जी त्यांची घरची, ती फक्त आईशी फोनवर आणि तीही दार लावून.

लॅबमध्ये उघडपणे मराठी बोलणारी माणसं दोनच. एक रघुजी आणि दुसरी भार्गवी, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेली बसवनगुडीची मुलगी. ती त्यांना अण्णा म्हणायची, ते तिला अक्का म्हणायचे, आणि ती त्यांच्या धाकट्या मुलीहून लहान होती. पण शिकलेल्या बाईला अक्का म्हणायचं, ही त्यांची रीत.

एकदा कॉफी पिता पिता त्यांनी विचारलं, "अक्का, हा एवढासा जीव. ना हात ना पाय. या पेशीतून त्या पेशीत जातो तरी कसा?"

भार्गवीने कपाळाला हात लावला. "अण्णा, हे मला नीट सांगता आलं असतं तर मी आज डॉक्टर झाले असते." मग तिनं तिला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हा रेट्रोव्हायरस, याच्याजवळ स्वतःची अशी प्रथिनं अगदी मोजकी. पेशीजवळ हजारो. म्हणून हा सगळं पेशीचंच वापरतो. तिच्या अंगावरच्या एका प्रथिनाला धरून आत शिरतो. आत गेल्यावर आपला मजकूर उलटा उतरवून पेशीच्या मूळ पोथीतच घुसडतो, आणि पेशी बिचारी आपलीच पोथी समजून त्याच्या नकला काढत बसते. बाहेर पडताना अंगावर पेशीचंच आवरण पांघरतो, वर तिची दोन-चार प्रथिनंही घेऊन जातो.

"भले!" रघुजी म्हणाले. "म्हणजे घरात शिरायचं, जेवायचं, आणि निघताना घरमालकाचाच कोट घालून शेजाऱ्याकडे जायचं!"

"अगदी तस्सं," भार्गवी म्हणाली. "फक्त शेजारच्या घरी नेमका कुठल्या वाटेनं जातो, ते शोधायचंय."

इथवर सगळं ठीक होतं. मग सत्त्याण्णव सालची आयुधपूजा आली.

आयुधपूजा बेंगळूरला कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. नवमीला रिक्षापासून रुग्णालयाच्या क्ष-किरण यंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, दारांना केळीचे खुंट लागतात, कोहळे फुटतात, आणि चुरमुऱ्यांच्या पुड्या वाटल्या जातात. संशोधन केंद्रही त्यातून सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाला गंध, फ्रीजला हार, फोटोकॉपी मशीनला झेंडूची माळ. आदल्या वर्षी कुणाचा तरी हार पंख्यात गेला आणि तीन हजार मैलांवरून आलेले पाहुणे पाकळ्यांनी माखले. म्हणून यंदा जयतीर्थांनी परिपत्रक काढलं: पूजा खुशाल करा, पण कुठलंही यंत्र बंद करायचं नाही. विज्ञान थांबत नाही.

आता लॅबमध्ये एक शेकर होता. उबदार कपाटात बसवलेला एक हलता पाट, त्यावर चंबू ठेवायचे, मिनिटाला शंभर वेळा तो त्यांना घोळवत राहायचा. विषाणू सोडलेल्या पेशी घोळत राहिल्या की सगळ्यांना विषाणूचा सारखा वाटा मिळतो, असा जयतीर्थांचा नियम. त्या आठवड्यात शेकरवर ज-४ चे चंबू होते. डॉक्टरांचा लाडका विद्यार्थी गुरुदत्त याने आदल्या दिवशी विषाणू सोडला होता आणि सणाला म्हैसूरला निघून गेला होता.

नवमीच्या दुपारी रघुजी हळदकुंकवाचं ताट घेऊन शेकरपुढे उभे राहिले. पाट हलतोय. कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर टिळ्याऐवजी रेघ उमटली. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा रेघ. त्यांना मनापासून वाईट वाटलं. वर्षभर राबणारं यंत्र हे, त्याला वर्षातला एक दिवस विसावा नाही? हत्यार पूजेत ठेवलं की दशमीपर्यंत उचलायचं नाही, हे त्यांच्या पागेवरच्या आजोबांनी शिकवलेलं. बैलाला पोळ्याच्या दिवशी नांगराला जुंपून वर त्याला ओवाळल्यासारखं झालं की हे! त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि बटण बंद केलं. पाट थांबला. टिळा छान गोल बसला.

शेकर दुसऱ्या दिवशी सकाळी, दशमीची पूजा आटोपल्यावर चालू झाला. शेकरच्या बाजूला एक तक्ता टांगलेला असे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, वेग शंभर, सही. मधल्या तिन्ही रकान्यांत रघुजींनी 'शंभर' लिहिलं आणि सही केली. तेवीस वर्षांतली पहिली खोटी सही. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून त्यांनी चुरमुरे तोंडात टाकले.

एका दिवसानं काय झालं, ते तीन दिवसांनी कळलं. विषाणू शिरलेल्या पेशी रंग घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. ज-१, ज-२, ज-३ यांच्या वेळी शंभरात पाच-सहा चमकल्या होत्या. ज-४ च्या साठ! गुरुदत्त ओरडत धावला. जयतीर्थ स्वतः खाली आले, भिंगातून बघितलं आणि पाच मिनिटं नुसते "माझा, माझा" म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत सिद्धांत तयार होता. ज-४ जवळ स्वतःचं एक नवं प्रथिन असणार, पेशीपेशीत झेप घेणारं. जगात कुणाला न सापडलेलं. म्हैसूरपाक वाटला गेला, वर्तमानपत्रात फोटो आला, परदेशातल्या परिषदेचं आमंत्रण आलं. ते प्रथिन शोधून काढायचं काम भार्गवीला मिळालं. तिचा प्रबंध त्याच्यावरच.

रघुजींनी म्हैसूरपाक खाल्ला. शेकरचा आणि त्या साठ पेशींचा काही संबंध असेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मग भार्गवीचे हाल सुरू झाले. ते नवं प्रथिन शोधायचं, तर आधी तिच्या हातून ज-४ पसरायला हवा. तो पसरेना! शंभरात सहा. पुन्हा केलं, पाच. पुन्हा, सात. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जयतीर्थ म्हणाले, "तुझा हात वाईट आहे." आणि पुरावा म्हणून गुरुदत्तला प्रयोग करायला लावला. गुरुदत्तने आठवड्यात वही आणून पुढे ठेवली: एकसष्ट. परत करायला सांगितलं: अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा: साठ. "बघ!" जयतीर्थ गरजले. "त्याच पेशी, तोच शेकर, तोच विषाणू. त्याला जमतं, तुला का नाही?"

जानेवारीच्या शेवटी त्यांनी तिला चिठ्ठी दिली. फेब्रुवारीअखेर समितीपुढे प्रयोग करून दाखव, नाहीतर लॅब सोड. वर लिहून देणार: संशोधनास अपात्र. साडेतीन वर्षं पाण्यात, आणि त्या शेऱ्यावर देशात दुसरं कुणी दारात उभं करणार नाही.

भार्गवी चिठ्ठी हातात धरून पेशींच्या खोलीत येऊन बसली. रघुजींना वाटलं रडेल, पण ती रडली नाही. तेच त्यांना जास्त लागलं. ती म्हणाली, "अण्णा, माझा हात खरंच वाईट आहे का हो? तुम्ही बघता ना रोज."

"अक्का, तुमच्या हातून एक चंबू फुकट गेलेला मी बघितला नाही."

"मग गुरुदत्तला का येतं?" तिनं वही उघडून त्यांच्यापुढे टाकली. "सगळं ताडून बघितलं. पहिल्या प्रयोगाचं पाणी, ऊब, तारीख, वार. काय राहिलंय सांगा!"

रघुजींनी तारखा वाचल्या. विषाणू सोडला, अष्टमी. मोजला, द्वादशी. ती इंग्रजी तारखा दाखवत होती आणि त्यांना पंचांग दिसत होतं. अष्टमी आणि द्वादशीच्या मध्ये काय येतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी वही मिटली आणि "पाणी बदलायचंय" असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडले.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. सांगावं तर खोटी सही उघडी पडणार. दोन वर्षांत निवृत्ती, तेवीस वर्षांत एक डाग नाही, आणि आता सगळं केंद्र बोट दाखवणार. न सांगावं तर ती पोर बाहेर. शेवटी त्यांनी सकाळच्या डोशाच्या तव्याशी उभ्या असलेल्या बायकोला, सकवारबाईंना, सांगितलं. सकवारबाईंनी उलथनं खाली ठेवलं.

"मशीन बंद केलं, ते देवासाठी. त्यात मला काही चुकलं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण सही कुणासाठी केली?"

रघुजींनी ताट पुढे सरकवलं.

"बोला की! सही करताना हात लटपटला नाही, आता सांगायला जीभ लटपटते काय? लोकाची लेक घरी बसवणार, आणि तुम्ही इथं डोसे खाणार? मी नाही घालायची!" आणि खरंच त्यांनी गॅस बंद केला. रघुजी उपाशीच बसमध्ये चढले.

भार्गवी खोलीत एकटी होती. रघुजींनी सगळं एका दमात सांगितलं: टिळा, रेघ, बटण, सही. ती ऐकत राहिली. मग उभी राहिली आणि एवढी मोठ्यानं ओरडली की बाहेरून दोघं डोकावले.

"चार महिने! अण्णा, चार महिने मी माझ्या हातांकडे बघत बसले! घरी आईला सांगत होते की मला येत नाही, मी मूर्ख आहे! आणि तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही?"

"मला परवा कळलं, अक्का. तुमची शपथ. तारखा बघितल्यावर."

"मग परवा का नाही बोललात?"

"भ्यालो," रघुजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं.

भार्गवी खाली बसली. बराच वेळ राग तिच्या चेहऱ्यावर होता. मग तो कुठेतरी गेला आणि ती एकदम म्हणाली, "थांबलेल्या पाण्यात पेशी तळाला बसतात."

"बसणारच. एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून तर मी रोज हलवतो."

"चिकटून!" ती ताडकन उठली. "अण्णा, कशानं चिकटतात? त्यांच्या स्वतःच्याच प्रथिनांनी! एकमेकींचा हात धरायला पेशीजवळ जी प्रथिनं आहेत, तीच वाट असेल तर? तर हा विषाणू पाण्यात पोहत शेजारी जातच नाही. हात धरलेल्या जागी इकडून तिकडे सरकतो. शेकर सारखे हात सोडवत होता, म्हणून शंभरात सहा. तुम्ही एक दिवस त्यांना निवांत बसू दिलंत, म्हणून साठ!"

"म्हणजे ते नवं प्रथिन?"

"नाहीच आहे, अण्णा! सगळं पेशीचंच!" आता मात्र ती रडली. रघुजींनी तिला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले, कारण त्या सकाळी पोटात तेवढंच जाणार होतं.

पुढचे पंधरा दिवस दोघांनी कुणाला पत्ता लागू न देता काम केलं. ज-४ चे काही चंबू शेकरवर, काही स्थिर. शिवाय काही स्थिर चंबूंत तिनं असं औषध घातलं की पेशींची हात धरायची प्रथिनंच झाकली जातील. सगळ्यावर ताण म्हणजे तिनं जुना, बिनकामाचा ज-१, ज्याच्याजवळ नवं प्रथिन असल्याचं कुणीच म्हटलं नव्हतं, तोसुद्धा स्थिर ठेवून बघितला. रघुजींनी प्रत्येक तक्त्यावर खरा वेग लिहिला: शंभर तिथं शंभर, शून्य तिथं शून्य.

समिती बसली ती फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला. दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन होता आणि जयतीर्थांना 'विज्ञानातील सचोटी' या विषयावर भाषण करायचं होतं, त्यामुळे ते जरा घाईत होते. समितीत बाहेरच्या म्हणून प्रोफेसर हेमलता होत्या. दुसऱ्या संस्थेतून निवृत्त झालेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत पापणी न लववणाऱ्या बाई. गुरुदत्त आपली वही घेऊन आला होता, साक्षीला.

भार्गवीनं चित्रं दाखवली. शेकरवर ज-४: सहा. स्थिर ज-४: त्रेसष्ट. स्थिर, पण प्रथिनं झाकलेली: सात. आणि स्थिर ज-१: साठ.

"थांब," जयतीर्थ म्हणाले. "स्थिर कशाला? माझ्या पद्धतीत शेकर चालू असतो. मूळ प्रयोगातही होता. तक्ता आहे."

"तक्ता खोटा आहे, सर," दारातून रघुजी म्हणाले.

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आत आले, हात जोडले, आणि कानडीत सगळं सांगितलं. टिळ्यापासून सहीपर्यंत.

जयतीर्थ लालबुंद झाले. "पूजा! माझ्या लॅबमध्ये अंधश्रद्धा!"

"फाटकाशी कोहळा कुणी फोडला होता त्या दिवशी?" हेमलताबाईंनी सहज विचारलं. "तुमच्या वार्षिक अहवालात फोटो आहे. कपाळाला मोठा टिळा आहे हो तुमच्या."

जयतीर्थ खाली बसले. पण हार मानणारा माणूस संचालक होत नाही. दोन मिनिटांत त्यांचा रंग पूर्ववत झाला, पाचव्या मिनिटाला ते हसत होते. "खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "पेशीचीच प्रथिनं वापरली जात असणार, हा माझा पहिल्यापासूनचा संशय. म्हणूनच तर मी भार्गवीला यावर बसवलं. माझी विद्यार्थिनी आहे. माझ्या पेशी आहेत." भार्गवीनं आ वासला. महिन्यापूर्वीची 'अपात्र' मुलगी बघता बघता 'माझी' झाली होती, आणि तिचा शोध तिच्या अंगावरून उतरून त्यांच्या अंगावर चढलासुद्धा! रघुजींना तो घरमालकाचा कोट आठवला. आता हसू येऊ नये म्हणून त्यांनी ओठ दाबले.

हेमलताबाई लिहीत होत्या. "मुलीचं काम उत्तम आहे. ती राहील, प्रबंध करील, असं मी नोंदवते," त्या म्हणाल्या. भार्गवीचा श्वास खोलीभर ऐकू आला. संपलं, असं वाटून सगळे कागद आवरायला लागले.

आणि रघुजींना एक शंका आली. खरीखुरी शंका, वर्षानुवर्षं पेशी सांभाळणाऱ्या माणसाला येणारच होती. ते गुरुदत्तकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "पण सर, तुमच्या वेळी तर शेकर चालू होता. मीच चालू ठेवला होता, तिन्ही वेळा. मग तुमच्या चंबूत साठ कसे आले?"

हेमलताबाईंनी पेन खाली ठेवलं आणि गुरुदत्तच्या वहीकडे हात केला. गुरुदत्तने वही दिली नाही, छातीशी धरली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जयतीर्थ घड्याळ बघत म्हणाले, "मला उद्याचं भाषण तयार करायचंय," आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

भाषण सुंदर झालं म्हणतात. महिन्याभरात 'पेशी-प्रथिनांची जयतीर्थ-वाट' या नावाचा फलक दर्शनी भिंतीवर लागला. भार्गवीचं नाव त्यावर तिसरं होतं, पण होतं, आणि तिची पदवी आता कुणाच्या बापाला अडवता येणार नव्हती. गुरुदत्तच्या वहीची चौकशी समिती नेमली गेली. तिची बैठक ठरेपर्यंत त्यालाच नोंदींचा दर्जा तपासणारा अधिकारी करण्यात आलं, कारण त्याच्या नोंदी नेहमी फार नीट असत.

एप्रिलच्या एका सकाळी हा नवा अधिकारी पेशींच्या खोलीच्या दारात आला. हातात तपकिरी पाकीट आणि पोचवही. पाकिटात रघुजींना मेमो होता: शेकरच्या तक्त्यावर खोटी सही केल्याबद्दल. सगळ्या केंद्रात खोट्या नोंदीसाठी मेमो मिळालेला तो एकच माणूस.

रघुजींनी मेमो वाचला. तेवीस वर्षांत पहिला. पण त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, तेव्हा त्यांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला.

"इथं सही, अण्णा," गुरुदत्त पोचवही पुढे करत म्हणाला. "वेळ दहा घाला. ऑफिसनं दहाच्या आत पोचवायला सांगितलं होतं, मला स्वल्प उशीर झाला."

रघुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं: अकरा वाजून चाळीस मिनिटं. मग सही केली.

"अय्यो, हे काय केलंत!" गुरुदत्त कळवळला. "आता मला मेमो येईल की!"

"नाही येणार, सर," रघुजी म्हणाले. "इथं मेमो खरं बोलल्यावर येतो. तुम्ही काळजी करू नका."